नंबर एकची भाषा कोण ठरवतं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकणातल्या कुठल्याही एसटी स्टँडसमोर कॉम्प्युटर क्लासचे नवे फ्लेक्स लागतात. कुडाळ असो, चिपळूण असो, रत्नागिरी असो, मजकूर साधारण एकच: 'जगातली नंबर १ प्रोग्रॅमिंग भाषा शिका'. मी कुडाळला मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो, त्यामुळे पाऊस सुरू व्हायच्या सुमारास पालक येतात आणि विचारतात, "सर, चेडवाक खयच्या कोर्साक घालू? पयलो नंबर खयच्या भाषेचो?"

प्रश्न रास्त आहे. फी भरायची असते, मुलीचं एक वर्ष त्यात जाणार असतं, आणि ज्या भाषेला मागणी आहे तीच शिकावी असं कुणालाही वाटेल. अडचण अशी की २०२५ या एकाच वर्षात या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं मिळाली. टायोबी नावाच्या निर्देशांकात पायथन पहिली होती, तीही दुसरीपेक्षा कितीतरी पुढे. प्रोग्रॅमर जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात त्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने जगभरच्या ४९ हजारांहून अधिक प्रोग्रॅमरना विचारलं, तर सर्वाधिक वापर जावास्क्रिप्टचा निघाला. आणि जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या गिटहबने जाहीर केलं, की ऑगस्ट २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्टने पायथन आणि जावास्क्रिप्ट या दोघींनाही मागे टाकलं.

तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आणि बातमीत मात्र तिन्हींना 'लोकप्रियता' हे एकच नाव मिळालं. हे आकडे कसे तयार होतात ते एकदा समजून घेतलं की पुढचा निर्णय बराच सोपा होतो.

मुळात अडचण काय आहे? एखादी भाषा जगात किती वापरली जाते हे थेट पाहण्याची सोयच नाही. बँकेचा कोड बँकेच्या आत असतो, कारखान्याचा कारखान्यात. कुणी कुठे बसून कोणत्या भाषेत किती ओळी लिहिल्या याची नोंद कुठल्याही कार्यालयात होत नाही. मोजता येतात त्या फक्त खुणा: इंटरनेटवरची पानं, गुगलवरचे शोध, उघड ठेवलेला कोड, विचारलेले प्रश्न, नोकरीच्या जाहिराती.

आपल्या किनाऱ्यावर हाच प्रश्न मासळीच्या बाबतीत रोज सोडवला जातो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेला देशभरात किती बांगडा, किती तारली मिळाली याचा अंदाज द्यायचा असतो. प्रत्येक बोट मोजणं अशक्य. म्हणून किनाऱ्यावरची काही उतरणी केंद्रं, काही दिवस आणि त्या दिवसांतल्या काही बोटी नमुना म्हणून निवडतात, तिथली मासळी मोजतात आणि त्यावरून एकूण आकडा काढतात. नमुना कसा निवडायचा याची पद्धत आधी ठरलेली असते. तरीही निघणारा आकडा असतो तो बंदरावर उतरलेल्या मासळीचा. समुद्रात किती आहे आणि घराघरांत किती शिजली, हे प्रश्न वेगळे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा उतरणी एकदम खाली येते. त्या आकड्यावरून समुद्रातला बांगडा संपला असं मालवणातलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. प्रोग्रॅमिंग भाषांच्या याद्या वाचताना मात्र शिकलेसवरलेले लोकही नेमकं हेच म्हणतात. शिवाय या याद्यांमागे बहुतेक वेळा आधी ठरवून निवडलेला नमुनाही नसतो. जे सहज हाताला लागतं तेच मोजलं जातं.

सगळ्यात जास्त बातम्या होतात त्या टायोबीच्या, म्हणून तिच्याकडे जरा निवांत पाहू. टायोबी ही नेदरलँड्समधली कंपनी. कोडचा दर्जा तपासणं हा तिचा व्यवसाय. २००१ पासून ती हा निर्देशांक काढते आणि दर महिन्याला नवा आकडा देते. पद्धत ऐकायला फार साधी आहे. भाषेचं नाव आणि त्यापुढे 'प्रोग्रॅमिंग' हा इंग्रजी शब्द, असा जोडशब्द घ्यायचा. गुगल, बिंग, विकिपीडिया, अ‍ॅमेझॉन, चीनचं बायडू अशा २५ ठिकाणी तो शोधायचा. किती पानं सापडली ते पाहायचं. आणि सगळ्या भाषांच्या बेरजेत प्रत्येकीचा वाटा टक्क्यांत काढायचा. यादीत येण्यासाठी भाषेचं विकिपीडियावर स्वतंत्र पान हवं आणि गुगलवर किमान ५,००० निकाल हवेत. शिवाय ती परिपूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा हवी, म्हणजे तिच्यात कुठलंही गणन करता यायला हवं. त्यामुळे वेबपानाची नुसती मांडणी सांगणारी एचटीएमएल या यादीत नसते. साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढणारी एसक्यूएल बसते की नाही यावर बराच वाद झाला आणि अखेर २०१८ मध्ये ती आत आली.

आता यात नक्की काय मोजलं गेलं? भाषेविषयी लिहिलेली पानं. ती वापरणारी माणसं नव्हेत, आणि त्या भाषेतला कोडही नव्हे. सर्वात चांगली भाषा कोणती किंवा सर्वाधिक ओळी कोणत्या भाषेत लिहिल्या गेल्या, हे आमचा निर्देशांक सांगत नाही, असं टायोबी स्वतः स्पष्ट लिहून ठेवते. बातमीत हे वाक्य क्वचितच येतं.

पानं मोजण्यात आणखी गुंते आहेत. पहिला नावाचा. 'गो' हे भाषेचं नाव आहे आणि इंग्रजीतलं साधं क्रियापदही. 'बेसिक प्रोग्रॅमिंग' म्हटलं की बेसिक नावाची भाषा की प्राथमिक धडे, हे सर्च इंजिनला कसं कळावं? टायोबी अशा भाषांसाठी आकड्यात दुरुस्ती करते, पण दुरुस्ती हाही अंदाजच. दुसरा गुंता सर्च इंजिनचा. निकालांच्या वर 'सुमारे इतके कोटी' असा जो आकडा दिसतो तो मोजून दिलेला नसतो, तो सर्च इंजिनने आतल्या आत बांधलेला अंदाज असतो. ते गणित बदललं की आकडा बदलतो, जगात काहीही बदललं नसलं तरी. आणि मोजणी इंग्रजी जोडशब्दाची असल्यामुळे मराठीत 'पायथन शिका' म्हणून कुणी उत्तम पान लिहिलं किंवा व्हिडिओ केला, तर तो या हिशेबात धरला जाईलच असं नाही.

याचा परिणाम किती होतो ते पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये टायोबीवर सी भाषेचा वाटा साधारण साडेसहा टक्के होता. ऑगस्ट २०१८ मध्ये तो १५ टक्क्यांच्या आसपास गेला. सी ही १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डेनिस रिची यांनी घडवलेली भाषा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वॉशिंग मशीनमधली चिप, गाडीचं इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक, सगळीकडे ती आहे. अशी पक्की रुजलेली भाषा वापरणाऱ्यांची संख्या बारा महिन्यांत दुपटीहून जास्त झाली असेल का? मला ते अजिबात पटत नाही. हललं ते मोजमाप. तसंच पर्लचं. एके काळी वेबची लाडकी असलेली ही भाषा सप्टेंबर २०२५ मध्ये टायोबीच्या पहिल्या दहांत परतली, वर्षभरापूर्वी ती विसाच्याही खाली होती. पर्लमध्ये नवं काम निघण्याची लाट आल्याचं मात्र कुठे दिसलं नाही.

टक्क्यांचं गणितही दिशाभूल करतं. समजा गेल्या वर्षी एकूण १,००० पानं होती, त्यांत जावा या भाषेची २००. यंदा एकूण २,००० झाली, त्यांत जावाची ३००. जावाची पानं दीडपट झाली, पण तिचा वाटा २० टक्क्यांवरून १५ वर आला. बातमी येणार: जावाची घसरण! वाटा म्हणजे एका ताटातली विभागणी. एकाचा वाढला की दुसऱ्याचा कमी होणारच. जावाच्या कामावर पोट असलेल्या माणसाला त्या मथळ्यावरून काहीही कळत नाही.

इतकं सगळं म्हटल्यावर टायोबी टाकाऊ आहे असं वाटेल. तसं नाही. महिन्यामहिन्याचे चढउतार सोडून दिले आणि दहा-वीस वर्षांची रेघ पाहिली तर तिच्यात अर्थ दिसतो. २००१ पासून पहिला क्रमांक जावा आणि सी या दोघींतच फिरत होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन प्रथमच वर आली आणि २०२५ मध्ये तिचा वाटा २५ टक्क्यांच्या पुढे गेला. १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेली ही भाषा आधी शास्त्रज्ञांनी, मग माहितीचं विश्लेषण करणाऱ्यांनी आणि पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्यांनी उचलली. इतक्या लांबलचक आणि एकाच दिशेच्या चढाला सर्च इंजिनचा चाळा म्हणता येत नाही. लांब पल्ल्याचा कल पाहायला टायोबी चालेल. या महिन्याचा क्रमांक पाहून कुणी फी भरू नये.

पीवायपीएल नावाची दुसरी यादी याच गोष्टीची दुसरी बाजू पाहते. लोक गुगलवर भाषेचं नाव आणि 'ट्युटोरियल' हा शब्द किती वेळा शोधतात, ते ती गुगल ट्रेंड्सवरून काढते. म्हणजे टायोबी लिहिलेली पानं मोजते आणि ही यादी शोधणारी माणसं. एक पुरवठा, दुसरी मागणी. पण ट्युटोरियल कोण शोधतं? शिकणारा. वीस वर्षं सी++ मध्ये काम करणारी बाई 'सी++ ट्युटोरियल' कशाला शोधेल? त्यामुळे ही यादी नवशिक्यांची गर्दी दाखवते, जुन्या जाणत्यांची नाही. शिवाय इथे सी आणि सी++ यांचा आकडा एकत्र असतो, टायोबीवर वेगळा. दोन भाषा एक धरायच्या की वेगळ्या, एवढ्या एका निर्णयाने क्रम इकडचा तिकडे होतो. टाइपस्क्रिप्टचंही तेच: ती जावास्क्रिप्टवरच उभी आहे आणि शेवटी जावास्क्रिप्टमध्येच रूपांतरित होते. दोघींना एका घरातल्या मानलं तर गिटहबवरचं चित्र पुन्हा बदलतं.

गिटहबकडे वळू, कारण इथे निदान खरा कोड दिसतो. २००८ मध्ये सुरू झालेलं आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेलं हे कोडचं सर्वात मोठं कोठार. मग इथली मोजणी पक्की असणार असं वाटतं. पण कोड म्हणजे काय मोजायचं? फायली, ओळी, प्रकल्प की माणसं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. २०१७ मध्ये संशोधकांच्या एका गटाने गिटहबवरचे जावा, सी++, पायथन आणि जावास्क्रिप्टमधले ४५ लाख प्रकल्प तपासले. त्यांत ४२.८ कोटी फायली होत्या. एकमेकींपासून वेगळ्या अशा फायली निघाल्या फक्त ८.५ कोटी. बाकी सगळ्या नकला, म्हणजे दुसऱ्याची तयार लायब्ररी, अर्थात आयत्या कोडचा संच, जशीच्या तशी आपल्या प्रकल्पात टाकलेली. यात जावास्क्रिप्टचा हात सगळ्यांत मोठा होता, कारण तिथे लहानसहान कामासाठीही शेकडो तयार फायली ओढून आणायची सवय आहे. म्हणजे फायली मोजल्या असत्या तर माणसांचं काम मोजल्याऐवजी नकला मोजल्या गेल्या असत्या.

टाइपस्क्रिप्ट पहिली आली ती दर महिन्याला त्या भाषेत कोड देणाऱ्या खात्यांच्या संख्येवर. हे माप फायलींपेक्षा मला जास्त पटतं. पण त्यामागचं एक कारण गिटहबनेच सांगितलं आहे: वेबसाठीची अनेक लोकप्रिय साधनं आता नवा प्रकल्प सुरू करताना मुळातच टाइपस्क्रिप्ट देतात. प्रोग्रॅमरने ती आवडून निवडली का, की समोर आली म्हणून घेतली? आकडा दोन्हींत भेद करत नाही. आणि भारतातून २०२५ मध्ये गिटहबवर ५० लाखांहून अधिक नवी खाती आली. त्यांत विद्यार्थी किती असतील हे शिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. आमच्या मुलांनाही पहिल्याच महिन्यात खातं उघडायला लावतो, आणि त्यांचा सरावाचा कोड तिथेच जातो. पेमेंटचा, विम्याचा, बँकेचा गंभीर कोड मात्र बहुतेक बंद दाराआड असतो.

रेडमंक ही विश्लेषण संस्था गिटहब आणि स्टॅक ओव्हरफ्लो अशा दोन्ही खुणा एका आलेखावर मांडते: किती कोड लिहिला जातोय आणि किती चर्चा होतेय. २०१० मध्ये दोन अभ्यासकांनी मांडलेली ही कल्पना त्यांनी वर्षातून दोनदा चालू ठेवली. दोन वेगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतात का, हे त्यातून दिसतं. एकाच आकड्यापेक्षा हे नक्कीच बरं.

पाहणीची तऱ्हा आणखी वेगळी. स्टॅक ओव्हरफ्लो २०११ पासून दरवर्षी प्रोग्रॅमरना प्रश्नावली देतं. इथे पानं नाहीत, थेट माणसं आहेत. पण उत्तर देतं कोण? जो त्या संकेतस्थळावर येतो, इंग्रजी वाचतो आणि लांबलचक प्रश्नावली भरायला वेळ काढतो तो. निवडून घेतलेला नमुना हा नव्हे, आपणहून आलेली गर्दी आहे. आणि एक माणूस कितीही भाषांवर खूण करू शकतो. २०२५ च्या पाहणीत ६६ टक्के लोकांनी जावास्क्रिप्टवर खूण केली, सुमारे ५८ टक्क्यांनी पायथनवर. बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे जाते, आणि त्यात चूक काही नाही. वेबपान बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला थोडीफार जावास्क्रिप्ट लिहावीच लागते, मग त्याची मुख्य भाषा कोणतीही असो. म्हणून तिचा आकडा मोठा.

याच पाहणीतून रस्ट या भाषेविषयीचे मथळे येतात: 'प्रोग्रॅमरची सर्वात आवडती भाषा'. २०१६ पासून दरवर्षी रस्ट या प्रश्नात पहिली आहे. २०२४ मध्ये ८३ टक्क्यांची पसंती तिला मिळाली. पण ही ८३ टक्के कुणांतली? वर्षभरात ज्यांनी रस्ट वापरली त्यांच्यातली. आणि वापरणारे होते जेमतेम १३ टक्के. शंभर जणांतल्या तेरांनी वापरली आणि त्यांतल्या दहा-अकरांना ती पुढेही हवी, असा त्याचा अर्थ. रस्ट चांगलीच भाषा आहे, डिसेंबर २०२२ पासून लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली आहे. पण 'आवडती' वाचून 'सर्वाधिक वापरातली' असा समज करून घेतला की पालकांची फसगत होते. टक्केवारी दिसली की ती कुणांतली आहे हे आधी विचारायची सवय मी मुलांना पहिल्याच आठवड्यात लावतो.

आणि आता ज्याची खूण या सगळ्या याद्यांत नीट उमटतच नाही, ते चालू काम. गणपतीला गावी यायचं म्हणून मुंबईचे चाकरमानी बुकिंग उघडायच्या दिवशी सकाळी आठच्या आधीपासून कोकण रेल्वेच्या तिकिटासाठी टपून असतात. ते आरक्षण ज्या प्रणालीतून जातं ती क्रिस या रेल्वेच्या संगणक संस्थेने सी आणि फोर्ट्रान या भाषांत उभारली. फोर्ट्रान! १९५७ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने आणलेली भाषा. आमच्या जिल्ह्यात फोर्ट्रानचा क्लास मला माहीत नाही, कुणा मुलाच्या तोंडी तिचं नावही येत नाही. तरी सावंतवाडीपर्यंत येणाऱ्या कितीतरी कुटुंबांची जागा तिच्या भरवशावर ठरत आली.

कोबोलची गोष्ट अशीच. १९५९ मध्ये आकाराला आलेली ही भाषा जगभरच्या बँका आणि सरकारी कचेऱ्यांत अजून राबते आहे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावं लागलं. लोकप्रियतेच्या यादीत बरीच खाली असलेल्या भाषेसाठी!

पीएचपी या भाषेचं उदाहरण तर आपल्या दारातलं. तारकर्लीत किंवा गुहागरला होमस्टे चालवणाऱ्या कुणाचंही संकेतस्थळ पाहा, ते वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर असण्याची शक्यता बरीच. वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेलं आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांमागे ते आहे. ज्या संकेतस्थळांची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते त्यांतल्या ७० टक्क्यांहून जास्त पीएचपीवर चालतात. टायोबीवर मात्र ती पहिल्या पाचांतही नसते. याचा अर्थ पीएचपीच्या प्रोग्रॅमरची जगात प्रचंड गरज आहे असाही घेऊ नका. एकच तयार सॉफ्टवेअर लाखो ठिकाणी चढवलेलं आहे, होमस्टेच्या मालकिणीने पीएचपीची एक ओळही लिहिलेली नाही. चालणारा कोड, लिहिला जाणारा कोड आणि लिहिणारी माणसं, ही तीन वेगळी मापं आहेत आणि त्यांत मोठा फरक पडणं नेहमीचं.

गेल्या काही वर्षांत हे सगळंच काम अवघड झालं आहे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. तोपर्यंत अडलेला प्रोग्रॅमर गुगलवर शोधायचा, स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न टाकायचा आणि मागे खूण सोडायचा. आता तो खाजगी खिडकीत यंत्राला विचारतो, ती खूण बाहेर कुणाला दिसत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या नव्या प्रश्नांची संख्या तेव्हापासून झपाट्याने खाली आली आहे. प्रश्न कमी झाले म्हणून भाषा कमी वापरल्या जाताहेत असं मुळीच नाही, पण प्रश्न मोजून क्रम लावणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. २०१४ पासून अनेक स्रोत एकत्र करून क्रमवारी काढणाऱ्या आयईईई स्पेक्ट्रम या मासिकानेही २०२५ च्या यादीसोबत ही चिंता मांडली. शिवाय जे यंत्र कोड लिहून देतं ते ज्या भाषेत भरपूर नमुने वाचलेत तीच भाषा आधी सुचवतं. म्हणजे गाजलेली भाषा आणखी गाजणार, आणि नव्या भाषेला पाय रोवणं कठीण जाणार. मला ही बाब क्रमवारीतल्या कुठल्याही चढउतारापेक्षा गंभीर वाटते.

मग पालकांना सांगायचं काय? मी त्यांना आधी सांगतो, की 'जगात पहिली कोणती' हा प्रश्न तुमच्या मुलीचा नाहीच. तिचा प्रश्न आहे: मी दोन-तीन वर्षांनी जिथे काम करू शकेन, पुण्यात, मुंबईत, गोव्यात किंवा घरी बसून, तिथे नवख्या माणसाकडून काय मागतात? या प्रश्नाची खूण नोकरीच्या जाहिरातीत सापडते. तिथलं चित्र २०२४ पर्यंत तरी बाकी याद्यांपेक्षा वेगळं होतं. आयईईई स्पेक्ट्रमच्या २०२२, २०२३ आणि २०२४ च्या याद्यांत एकूण पहिली पायथन होती, पण नोकऱ्यांच्या निकषावर पहिली होती एसक्यूएल. फ्लेक्सवर एसक्यूएलचं नाव क्वचित दिसतं. कारण उघड आहे. एसक्यूएल एकटी कुणी मागत नाही, ती जावाच्या जाहिरातीतही असते, पायथनच्याही, पीएचपीच्याही. जिथे नोंदी साठवल्या जातात तिथे ती लागते, आणि नोंदी कुठे नाहीत? एकटीने मिरवणारी नसली तरी सगळ्यांच्या सोबत असणारी भाषा आहे ती.

जाहिरातींतही खोट असतेच. एकच जागा चार कन्सल्टन्सी चार वेळा टाकतात. काही जाहिरातींत मनुष्यबळ विभागाने आठवेल ती प्रत्येक भाषा लिहिलेली असते. 'फ्रेशर' म्हणून शोधलं तरी तीन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या दिसतात. आणि आपल्या भागातलं बरंच काम जाहिरातीत येतच नाही: सीएच्या ऑफिसातलं टॅलीचं काम, बागायतदाराच्या आंब्याच्या पेट्यांचा एक्सेलमधला हिशेब, हॉटेलवाल्याच्या बुकिंगची वही संगणकावर आणून देणं. एक्सेलमध्ये गुंतागुंतीची सूत्रं लिहिणाऱ्या मुलीला कुठलीच पाहणी प्रोग्रॅमर म्हणून मोजत नाही, पण कुडाळात तिला पगार मिळतो.

म्हणून माझ्या वर्गात सुरुवात पायथन आणि एसक्यूएल या जोडीने होते. पायथन टायोबीवर पहिली आहे हे त्याचं कारण नाही. तिच्या ओळी वाचायला सोप्या आहेत, चूक झाली तर काय चुकलं ते ती बऱ्यापैकी सांगते, आणि पुढे विश्लेषण, वेब, यंत्रशिक्षण अशा वाटा तिच्यातून फुटतात. डिप्लोमाच्या मुलांना अभ्यासक्रमात सी असते, ती त्यांनी मन लावून करावी. मेमरी कशी वापरली जाते हे तिच्याइतकं स्वच्छ दुसरं कोणी शिकवत नाही. वेबपानं बनवायची हौस असेल त्याने वर्षाच्या उत्तरार्धात जावास्क्रिप्ट घ्यावी. एक भाषा नीट आली की दुसरी शिकायला पहिलीइतका वेळ लागत नाही, त्यामुळे पहिली निवड चुकली तर आयुष्य वाया गेलं असं काही होत नाही. हे सांगितलं की पालकांच्या चेहऱ्यावरचा ताण बराच उतरतो.

आणि मोजायचं ते मुलांनीच मोजावं. महिनाभर, आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी, नोकरीच्या दोन-तीन संकेतस्थळांवर शहर आणि 'फ्रेशर' हे दोनच निकष लावून त्या आठवड्यात आलेल्या जाहिराती वाचायच्या. प्रत्येकीची एक ओळ: तारीख, गाव, कंपनी, कामाचं नाव, मागितलेल्या भाषा, मागितलेला अनुभव. तीच जागा पुन्हा दिसली तर तिच्यापुढे खूण करायची. पहिल्या आठवड्यात मुलं फक्त भाषांची नावं मोजतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, "सर, ह्या दोन भाषा नेहमी एकत्रच येतात, असं का?" तिथून पुढे गप्पा फार चांगल्या होतात. महिना संपला की ती सगळी यादी एका टेबलात चढवतो, आणि मुलांची पहिली एसक्यूएल क्वेरी, म्हणजे टेबलाला विचारलेला प्रश्न, असते ती त्याच टेबलावर: भाषेनुसार गट करा, नकला वगळा, अनुभवाची अट शून्य असलेल्या ओळीच घ्या, आणि मोजा.